मालभाडे कोण ठरवतो आणि ते कोणाच्या पदरात पडते?



विषय ऐकून तुमच्यापैकी काहींच्या मनात आलंच असेल, की मेढ्यात रेल्वे कुठे आहे? वेण्णेच्या काठाने वर केळघर घाट चढला की महाबळेश्वर आणि खाली उतरलं की सातारा. शिटी कुठूनच ऐकू येत नाही. मग इथे बसून रेल्वेच्या मालभाड्याची चर्चा कशासाठी? आमचे उत्तर असे, की याच कारणासाठी. ज्याच्या दारात रूळ आहेत त्याला भाडेदराची चर्चा वर्तमानपत्रात वाचता येते. ज्याच्या दारात रूळ नाहीत त्याच्या मालाचा भावसुद्धा त्याच भाडेदराने ठरतो, फक्त ते त्याला कोणी सांगत नाही.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले. त्यामुळे आकड्यांइतकेच शब्दांकडे लक्ष जाते. आज ज्या इतिहासाबद्दल बोलायचे आहे त्यात एक शब्द वारंवार येतो, तो म्हणजे 'वाजवी'. वाजवी भाडे. दीडशे वर्षे सरकार, रेल्वे कंपन्या, व्यापारी आणि न्यायाधिकरणे या शब्दावर भांडत आली. आपल्याला विचारायचे आहे ते एवढेच, की वाजवी म्हणजे कोणाच्या दृष्टीने वाजवी?

रुळाआधीची वाट

रेल्वेपूर्वी या भागातला माल कसा जात होता? बैलाच्या पाठीवरून आणि गाड्यातून. कराड-पाटणकडचा माल कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरायचा आणि तिथून खाडीने, गलबतातून मुंबईला. इकडचा माल घाटवाटांनी महाडच्या बाजूला जायचा. वंजाऱ्यांचे तांडे मीठ वर आणायचे, धान्य खाली न्यायचे. हा प्रवास संथ होता आणि महाग होता. पावसाळ्यात तो बंदच पडायचा. पण त्यात एक गोष्ट होती. वाटा अनेक होत्या आणि वाहणारेही अनेक होते. एका गाडीवानाने जास्त मागितले तर दुसऱ्याला विचारता येत होते.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली. 1858 मध्ये रूळ पुण्यापर्यंत आले, 1860 मध्ये सोलापूरला पोचले आणि 1863 मध्ये बोरघाटाची चढण पूर्ण होऊन दख्खन मुंबईला सलग जोडले गेले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला, म्हणजे आपली जीआयपी, ही खासगी कंपनी होती. तिचे भांडवल विलायतेतले. 1849 च्या कराराने तिला जमीन फुकट मिळाली आणि गुंतवणुकीवर 5 टक्के परताव्याची हमी मिळाली. धंद्यात तेवढे सुटले नाही तर उरलेले सरकारने, म्हणजे सारा भरणाऱ्या रयतेने, द्यायचे. म्हणजे बघा, मेढ्याचा शेतकरी गाडीत कधी बसला नाही, त्याचा माल कधी वाघिणीत चढला नाही, तरी त्या कंपनीच्या तुटीचा तो जामीनदार होता.

आपल्या बाजूला रूळ यायला अजून वेळ होता. 1876 ते 1878 चा दुष्काळ पडला. धान्य रेल्वेने येत होते, पण रुळापासून आतल्या गावांत न्यायला बैल हवेत, आणि बैलांनाच चारा नव्हता. 1880 च्या दुष्काळ आयोगाने त्यावरून धडा काढला की दुष्काळी मुलखात आणखी रेल्वे पाहिजेत. 1882 साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी उभी राहिली. पुण्याहून वाठार, कोरेगाव, कराडच्या अंगाने मिरज, बेळगाव आणि लोंढा असा मीटरगेजचा रस्ता 1886 पासून तुकड्यातुकड्याने सुरू झाला आणि 1890-91 पर्यंत पुरा झाला. हा रस्ता दुष्काळात धान्य आत आणण्यासाठी होता असे कागदोपत्री म्हटले गेले. पण रुळांना दिशा नसते. ज्या रुळांवरून दुष्काळात धान्य आत येते त्याच रुळांवरून सुगीत ते बाहेर जाते.

पैचा हिशेब

आता भाड्याकडे येऊ. त्या काळी दर सांगायची रीत होती 'मणी मैली इतकी पै'. म्हणजे एक मण माल एक मैल न्यायला किती पै. एका रुपयाच्या 192 पै, एका आण्याच्या 12. पै हे नाणे इतके लहान की त्याच्या फरकाकडे कोणी बघणार नाही. पण हिशेब करून पाहू. समजा दर आहे पैचा तिसरा हिस्सा, आणि अंतर 180 मैल. मणामागे 60 पै झाल्या, म्हणजे 5 आणे. दर वाढून अर्धी पै झाला तर साडेसात आणे. ज्या मणाला मुंबईत 3 रुपये मिळतात त्यातून अडीच आणे आणखी गेले. शेतकऱ्याच्या हातात शेवटी सुटणारे काही आणेच असतील, तर त्यातले अडीच आणे म्हणजे मोठाच तुकडा.

हे आणे शेतकऱ्याच्याच पदरातून का जातात? मुंबईचा भाव शेतकरी ठरवत नाही. तो लिव्हरपूलच्या नाहीतर मस्जिद बंदरच्या बाजारात ठरतो. व्यापारी त्या भावातून रेल्वेचे हशील वजा करतो, हमाली, तोलाई, अडत वजा करतो, स्वतःचा नफा वजा करतो, आणि जे उरते तो गावचा भाव. सगळे आपापला वाटा आधी कापून घेतात आणि शेतकरी शेवटी उरलेल्याचा धनी होतो. अजूनही बाजारातून जी हिशेबपट्टी येते ती याच क्रमाने लिहिलेली असते. खर्च भावापेक्षा जास्त झाला की 'उलटी पट्टी' येते, माल गेला तो गेलाच आणि वर देणे निघते. या शब्दाचा अर्थ इथे कोणाला समजावून सांगायची गरज नाही.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. भाडे उतरले तर? तर गावचा भाव चढायला हवा. तसा तो चढतोच असे नाही. गावात घेणारे दहा व्यापारी असतील तर ते एकमेकांवर चढाओढ करून भाव वाढवतील. पण घेणारा एकच असेल, आणि तोच सावकारही असेल, तर? 1875 साली सुप्यापासून जे दंगे पेटले त्यांच्या मुळाशी हीच गाठ होती. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचे भाव चढले होते, ते 1865 नंतर कोसळले. सारा वाढलेला, कर्ज थकलेले. 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या जिल्ह्यांना लागू झाला तो त्यामुळेच. ज्या शेतकऱ्याचे पीक खळ्यावर येण्याआधीच गहाण आहे, त्याला रेल्वेने दर उतरवल्याचा फायदा पोचत नाही, तो वाटेत सावकाराच्या वखारीत उतरतो. दरवाढ मात्र वखारीत थांबत नाही, थेट खळ्यापर्यंत येते. दरावर नियंत्रण आणून शेतकऱ्याचे भले होईल असे म्हणणाऱ्याने ही गाठ विसरू नये.

दोन तत्त्वे

भाडे कसे ठरवावे? यावर दोन विचार आहेत. पहिला म्हणजे जेवढा खर्च तेवढे भाडे. दगड असो की हळद, डब्याला आणि इंजिनाला जो खर्च येतो तो घ्यावा. दुसरा विचार असा, की माल सोसेल तेवढे भाडे. हलक्या किमतीच्या मालाला कमी, भारी किमतीच्या मालाला जास्त. रेल्वे जगभर मुख्यत्वे दुसऱ्या तत्त्वाने चालली.

वरवर पाहता दुसरे तत्त्व दयाळू वाटते. धान्याला, मिठाला, चाऱ्याला स्वस्त दर. पण त्याच्या पोटात एक गोम आहे. शेतकऱ्याने उसाचा गूळ केला, कच्च्या हळकुंडांवर मेहनत करून मालाची किंमत वाढवली, की माल जास्त सोसू शकतो असे ठरते आणि त्याची वर्गवारी वर सरकते. कष्टाने वाढवलेल्या किमतीत रेल्वे वाटेकरी होते. शिवाय 'सोसेल' हे कोणी ठरवायचे? सोसणाऱ्याने की लादणाऱ्याने? एखादा माल नाइलाजाने जातो आहे, म्हणून त्याला ते भाडे सोसते असा अर्थ काढणे हे तर्कशास्त्रात बसत नाही. बुडणारा माणूस मिळेल त्या किमतीला दोर विकत घेतो. त्यावरून दोराची वाजवी किंमत ठरत नाही.

याच काळात अमेरिकेतही हाच प्रश्न पेटला होता. तिथल्या शेतकऱ्यांनी 1867 मध्ये ग्रेंज ही संघटना काढली. त्यांची तक्रार अशी, की दोन मोठ्या शहरांमध्ये दोन-तीन कंपन्यांची चढाओढ असते म्हणून तिथले भाडे उतरते, आणि मधल्या लहान स्टेशनावर एकच कंपनी असल्याने जवळच्या अंतरालाही जास्त भाडे पडते. त्यांनी राज्याराज्यांत कायदे करवून घेतले. 1877 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मन विरुद्ध इलिनॉय या खटल्यात मान्य केले की ज्या धंद्याशी सार्वजनिक हित निगडित आहे त्याचे दर लोकप्रतिनिधी ठरवू शकतात. तो खटला धान्याच्या कोठारांचा होता, पण तत्त्व रेल्वेलाही लागू पडले. 1887 मध्ये तिथे आंतरराज्य व्यापाराचा कायदा झाला आणि दरांवर देखरेख करणारा आयोग बसला.

आणि योगायोग पाहा, त्याच 1887 साली हिंदुस्थान सरकारने दरांना वरची आणि खालची मर्यादा घालण्याचे धोरण जाहीर केले. कंपनीने या दोन कुंपणांच्या आत हवे ते करावे. पाठोपाठ 1890 चा रेल्वे कायदा आला. त्याच्या 42 व्या कलमाने अवाजवी पक्षपात करायला मनाई केली. एका व्यापाऱ्याला सवलत आणि दुसऱ्याला नाही, असे करता येणार नाही.

साल एकच, पण दोन्हीकडच्या गोष्टी फार वेगळ्या. तिकडे दरनियंत्रण शेतकऱ्यांच्या मतातून जन्मले. इकडे ते वरून आले, शेतकऱ्याला विचारायचा प्रश्नच नव्हता. तिकडचा आयोग कायम बसणारा होता. इकडे कायद्यात आयुक्त नेमण्याची तरतूद होती, पण ते एखाद्या प्रकरणापुरते आणि सरकारच्या मर्जीने. आणि कलमातला तो 'पक्षपात' शब्द पाहा. पक्षपात दाखवायला तुलना लागते, दोन माल पाठवणारे लागतात. कायद्याच्या नजरेत माल पाठवणारा म्हणजे ज्याच्या नावाने पावती फाडली तो, म्हणजे व्यापारी. शेतकऱ्याने माल गावातच विकलेला. पावतीवर त्याचे नाव नाही, म्हणून तक्रारीतही त्याचे नाव नाही. भाड्याचा भार ज्याच्यावर पडतो तोच माणूस कायद्याला दिसत नाही. आमच्या मते या सगळ्या इतिहासाचे मर्म इथे आहे.

बंदराकडे तोंड

कुंपणाच्या आत काय चालले? कंपन्यांचे दर बंदराकडे तोंड करून बसले होते. कच्चा माल बंदराला जाताना स्वस्त, विलायती पक्का माल बंदरातून आत येताना स्वस्त, आणि एका देशी शहरातून दुसऱ्या देशी शहरात जाणारा माल महाग. हे राष्ट्रवाद्यांनी पुष्कळ वेळा सांगितले. न्यायमूर्ती रानड्यांच्या मंडळींनी, सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशींसारख्या शिक्षकाने, आणि पुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी रेल्वेवरच्या खर्चाचा हिशेब मांडला आणि पाटबंधाऱ्यांवर त्या मानाने किती थोडे खर्च होतात हे दाखवले. शेवटी 1916 ते 1918 च्या औद्योगिक आयोगानेही दरांच्या या कलाची दखल घेतली.

आपल्या भागात आणखी एक पेच होता. मिरजेच्या दक्षिणेचा माल मुरगावच्या बंदराला न्यावा की मुंबईला, यावर रेल्वे कंपन्यांची ओढाताण होती. जिथे अशी ओढाताण होती तिथे दर उतरत. जिथे एकच कंपनी आणि एकच दिशा, तिथे कशाला उतरतील? शिवाय साताऱ्याचा माल मीटरगेजने पुण्यापर्यंत जाणार आणि तिथे ब्रॉडगेजच्या डब्यात हलवला जाणार. पोती दोनदा उचलायची, दोनदा आपटायची. जास्त अंतराला दर मैली भाडे कमी होत जाते, हा सगळीकडचा नियम. पण दोन कंपन्या आपापल्या अंतराचा हिशेब वेगळा करत, म्हणून लांब अंतराचा फायदा गेज बदलताच तुटायचा. सगळ्या रेल्वेंवरचे अंतर सलग धरून दर लावायची पद्धत 1948 साली आली. आणि पुणे-मिरज रस्त्याचे मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज व्हायला 1970 चे दशक उजाडले.

स्वस्त भाड्याची एक दुसरी पावती होती, 'मालकाच्या जोखमीवर'. त्या दराने पाठवलेला माल भिजला, फुटला, चोरीला गेला तर रेल्वेची जबाबदारी नाममात्र. गरिबाने कमी दर पाहून तीच पावती घ्यायची. म्हणजे ज्याला नुकसान सोसत नाही त्यानेच जोखीम उचलायची. याला वाजवी म्हणायचे का, हे तुम्हीच ठरवा.

कारखाना चालत गेला, शेत तिथेच राहिले

या भाड्याला तोंड कसे द्यायचे, हे आपल्याच जिल्ह्यांतल्या उद्योजकांनी दाखवून दिले. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर नांगराचा कारखाना काढला, तीच किर्लोस्करवाडी. ओगल्यांचा काचेचा कारखाना कराड स्टेशनाला लागून, तीच ओगलेवाडी. धनजीशा कूपर यांचा कारखाना सातारा रोड स्टेशनापाशी. ही माणसे द्रष्टी होती यात शंका नाही, पण जागा निवडताना त्यांनी भाड्याचा हिशेब केला होता. कोळसा आणि लोखंड येणार रेल्वेने, माल जाणार रेल्वेने, मग कारखानाच रुळापाशी नेऊन ठेवू.

शेतकऱ्याला हे करता येत नाही. जावळीतले भाताचे खाचर उचलून वाठारला नेऊन ठेवता येत नाही. मेढ्याहून पोती गाडीत घालून सातारा गाठायचे आणि तिथून पुढे सातारा रोडचा मालधक्का. या पंचवीसेक मैलांचे बैलगाडीचे भाडे पुढच्या सगळ्या रेल्वेप्रवासाच्या भाड्याशी बरोबरी करणारे. त्या गाडीभाड्यावर कोणतेही कलम नव्हते, कुंपण नव्हते. दरनियंत्रण रुळावरच्या दराचे झाले, रुळापर्यंतच्या वाटेचे झालेच नाही.

मग डोंगरातल्या माणसाने काय केले? शेत नेता येत नाही, तर तो स्वतः गेला. जावळी, पाटण, वाईची माणसे मुंबईच्या गोद्यांत, वखारीत, मस्जिद बंदरला पाठीवर पोती वाहायला गेली. रेल्वेने आलेला सगळ्या देशाचा माल त्यांनी उतरवला. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केले आणि 1969 चा माथाडी कायदा झाला. या कायद्याने त्यांची मजुरी मंडळाकडे नोंदवली जाऊ लागली. हमालीचा दर ठरवायला हमालाचा प्रतिनिधी बसू लागला. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे आपण परत येणार आहोत.

पंच कोण?

1920-21 साली विल्यम ॲकवर्थ यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिने सांगितले, भाड्याचे तंटे सोडवायला स्वतंत्र न्यायाधिकरण हवे. 1925 मध्ये जीआयपी सरकारच्या ताब्यात आली. 1926 मध्ये न्यायाधिकरणाऐवजी सल्लागार समिती नेमली गेली. तिच्यात अध्यक्ष, एक रेल्वेचा माणूस आणि एक व्यापाराचा माणूस. सल्ला द्यायचा, निकाल नाही. आणि तिघांत शेतकऱ्याचा माणूस नाही.

स्वातंत्र्यानंतर 1948 च्या दुरुस्तीने रेल्वे दर न्यायाधिकरण स्थापन झाले. त्याचे ठाणे मद्रासला. आता निकाल देण्याचा अधिकार आला, ही मोठी पायरी होती. पण एक अडचण नवी होती. कंपनी गेली आणि रेल्वे सरकारची झाली. पूर्वी सरकार निदान पंच तरी होते, आता तेच खेळाडू आणि तेच पंच झाले. 1955 ते 57 ची रामस्वामी मुदलियार समिती आणि 1977 ते 80 ची डॉ. ह. कृ. परांजपे समिती यांनी दरांचा सांगोपांग अभ्यास केला. पण दर ठरवायचे सरकारने, हे कायम राहिले.

1989 चा नवा रेल्वे कायदा आला. त्याचे 36 वे कलम न्यायाधिकरणाकडे तक्रारीची वाट दाखवते. लगेच पुढचे 37 वे कलम सांगते की कोणत्या गोष्टी न्यायाधिकरणाच्या कक्षेबाहेर आहेत. मालाची वर्गवारी बाहेर. गोदीभाडे आणि विलंबशुल्क बाहेर. प्रवासभाडे बाहेर. आणि पार्सलचे भाडेही बाहेर. आता शेतकऱ्याचा नाशवंत माल, भाजी, फळे, फुले, रेल्वेने जातो तो कसा? पार्सलने! म्हणजे छोटा शेतकरी स्वतःच्या नावाने जो माल पाठवू शकतो, नेमके त्याचेच भाडे पंचाच्या हाताबाहेर ठेवले. आणि 2017 मध्ये ते न्यायाधिकरणच रेल्वे दावे न्यायाधिकरणात विलीन झाले. शेतकऱ्यांच्या कोणत्या मेळाव्यात त्यावर ठराव झाल्याचे आमच्या तरी कानावर आले नाही. जो दरवाजा आपल्यासाठी कधी उघडला नाही, तो बंद झाल्याचा आवाज येणार कसा?

स्वस्त दर, पण वाघीण कुठे?

इथे कोणी म्हणेल, सरकारने धान्याचे दर मुद्दाम कमी ठेवले, खताचे कमी ठेवले, दुष्काळात चारा स्वस्तात नेला. हे खरे आहे आणि त्याचे मोल आहे. पण दर कागदावर कमी असून भागत नाही. ज्या मालावर रेल्वेला सुटत नाही, त्या मालाला वाघीण देताना तिचा हात आखडतो. कॅनडात हेच झाले. 1897 च्या क्रोज नेस्ट करारातून गव्हाचे भाडे बांधले गेले आणि पुढे कायद्याने गोठवले. शेतकऱ्यांनी त्याला आपला हक्क मानले. महागाई वाढत गेली, भाडे तिथेच. मग कंपन्यांनी शाखामार्गांकडे आणि डब्यांकडे दुर्लक्ष केले आणि गहू पडून राहू लागला. 1983 मध्ये ती व्यवस्था बदलली, 1995 मध्ये अनुदानही संपले.

आपल्याकडे दुसऱ्या वाटेने तेच घडले. 1980 नंतर रेल्वेने सुटे डबे आणि किरकोळ माल घेणे कमी करत नेले आणि पूर्ण मालगाडी भरेल एवढा माल मागितला. पूर्ण रेक भरतो तो कोण? अन्न महामंडळ, खत कारखाना, सिमेंट, साखर. दहा पोती आल्याची घेऊन आलेला शेतकरी रेक कुठून भरणार? 1950 च्या सुमाराला देशातल्या मालवाहतुकीचे दहातले जवळजवळ नऊ हिस्से रेल्वेकडे होते, आता तीनाच्या आसपास आहेत. बाकीचे ट्रककडे गेले. ट्रकला रेल्वेपेक्षा डिझेल जास्त लागते, पण तो मेढ्याच्या बांधापर्यंत येतो. शेतकऱ्याने दर पाहून नाही, वाट पाहून ट्रक निवडला.

7 ऑगस्ट 2020 रोजी देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल सुटली. कमीत कमी मालाची अट नाही, फळे-भाज्यांच्या भाड्यात 50 टक्के सवलत. त्याच वर्षी 28 डिसेंबरला सांगोल्याहून शालिमारला शंभरावी गाडी गेली. डाळिंबवाल्यांना बंगालची बाजारपेठ जवळ आली. या योजनेने एक गोष्ट सिद्ध केली, की लहान शेतकऱ्याचा माल रेल्वेने नेता येतो, तो न्यायचे ठरवावे लागते. पण ती योजना होती, कायदा नव्हता. सवलतीचा पैसा आटला तशा गाड्याही आटल्या. आणि त्याविरुद्ध दाद मागायला जागा नव्हती, कारण पार्सल.

सवलत आणि हक्क

आता आपण सुरुवातीच्या शब्दाकडे येऊ. वाजवी. तत्त्वज्ञानात न्यायाचे दोन भाग करतात. कोणाला किती मिळाले, हा एक. आणि किती मिळावे हे ठरवताना कोणाचे म्हणणे ऐकले, हा दुसरा. आपल्या भाडेदराच्या इतिहासात पहिल्या भागाकडे अधूनमधून लक्ष गेले. दर उतरले, सवलती आल्या, दुष्काळात सरकार धावले. दुसरा भाग मात्र दीडशे वर्षे कोराच राहिला.

त्याला पर्याय नव्हता असेही नाही. बाजार समितीचा कायदा पाहा. 1963 च्या कायद्याने बाजाराच्या आवारात अडत, हमाली, तोलाई यांवर नियंत्रण आले, आणि समितीवर शेतकऱ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी बहुसंख्येने बसले. त्या समित्यांचे पुढे काय झाले, त्यात राजकारण किती शिरले, हे इथे बसलेल्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी तिथे शेतकऱ्याची खुर्ची आहे, आणि ती वाईट वापरली तर पुढच्या निवडणुकीत ओढता येते. माथाडी मंडळात हमालाची खुर्ची आहे. साखर कारखान्यात सभासदाची आहे. हिशेबपट्टीवर एकामागून एक ज्या वजाबाक्या असतात, त्यातल्या पुष्कळशा ओळींवर आपल्या माणसांनी झगडून आपला हात पोचवला. वाहतुकीच्या ओळीवर तो पोचला नाही. तिथे सवलत मिळते. सवलत देणाऱ्याच्या हातात असते, तो ती काढून घेऊ शकतो. हक्क मागणाऱ्याच्या हातात असतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. पहिली गोष्ट, पार्सलच्या दराबद्दल आणि वर्गवारीबद्दल दाद मागता आली पाहिजे, त्यासाठी 37 वे कलम बदलायला हवे. दुसरी, दाद ऐकणाऱ्या जागी उत्पादकाचा प्रतिनिधी बसला पाहिजे. 1926 मध्ये जी चौथी खुर्ची ठेवली नाही ती आता ठेवायला हवी. तिसरी, पावती व्यापाऱ्याच्या नावाने फाटत राहील तोवर पहिल्या दोन्ही गोष्टींचा उपयोग व्यापाऱ्यालाच होईल. आज शेतकरी उत्पादक कंपन्या निघत आहेत. त्यांनी माल एकत्र करून स्वतःच्या नावाने पाठवला तर कायद्याला शेतकरी पहिल्यांदा दिसेल. दिसल्याशिवाय ऐकू येत नाही, हे कायद्याच्या बाबतीत फार खरे आहे.

तुमच्यापैकी कितीतरी जण उद्या पहाटे आले, स्ट्रॉबेरी, घेवडा गाडीत भरतील. पट्टी आली की भावाच्या आकड्यावर नजर जाते, ते स्वाभाविक आहे. पण खालची भाड्याची ओळही वाचा. ती कोणी ठरवली आणि ती बदलायची तर जायचे कोणाकडे, हे आपल्या आमदार-खासदारांना विचारा. त्यांना उत्तर देता आले नाही, तर ते उत्तर तयार करणे हेच त्यांचे काम आहे.

आता प्रश्न विचारा.